गोहन्याची तार

गढवालच्या डोंगरात बिरही नावाची एक नदी आहे. हिमशिखरांच्या पायथ्याकडून येणारे पाणी घेऊन ती चमोलीच्या वरच्या अंगाला अलकनंदेस मिळते. बदरीनाथच्या वाटेवर असल्यामुळे महाराष्ट्रातून जाणाऱ्या यात्रेकरूंनीही पिढ्यान्‌पिढ्या तिचा प्रवाह ओलांडला आहे. परंतु तिचे नाव ध्यानात ठेवावे असे तिच्यात काही नाही. तिचा इतिहास घडला तो एका वर्षात, आणि तोही तिचे पाणी अडल्यामुळे.

१८९३ च्या सप्टेंबर महिन्यात, पावसाळा सरत आला असताना, गोहना गावाजवळ नदीच्या काठचा एक डोंगरच खाली बसला. कोट्यवधी मण खडक आणि माती नदीच्या पात्रात येऊन पडली आणि दोन्ही तीरांच्या मध्ये सुमारे ९०० फूट उंचीचा बांध आपोआप तयार झाला. कुतुबमिनार एकावर एक तीन ठेवले असते तरी त्यांचा कळस या बांधाच्या माथ्यापर्यंत पोचला नसता. बिरहीचे पाणी थांबले. बांधाच्या मागे सरोवर साठू लागले. खालच्या दरीत काही दिवस नदी कोरडी पडली असेल, तेवढाच काय तो चमत्कार लोकांना दिसला.

ही बातमी वर गेली ती गावच्या पटवाऱ्याच्या अहवालाने. गढवालात पटवारी हा महसुलाचा माणूस आणि पोलीसही तोच. डोंगर पडल्याचे त्याने आपल्या साध्या भाषेत कळविले. अशा अहवालांचे सरकारी कचेऱ्यांत काय होते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कथेतील पहिले आश्चर्य येथेच वाटावे. तो अहवाल दप्तरात पडून राहिला नाही. लेफ्टनंट कर्नल पुलफर्ड हे त्या भागाचे अधीक्षक अभियंते होते. त्यांनी स्वतः जाऊन जागा पाहिली आणि दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवले. हा बांध टिकेल काय? आणि टिकणार नसेल तर पाणी त्याच्या माथ्यावर केव्हा येईल?

पहिल्या प्रश्नाविषयी मतभेदाला जागा होती. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे टी. एच. हॉलंड यांनीही तेथे जाऊन डोंगराच्या थरांची आणि दरडीची तपासणी केली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गणिताने काढण्याजोगे होते. दरी वर रुंद होत जाते, म्हणून सरोवर जसजसे भरेल तसतशी पातळी चढण्याची गती मंदावणार. हिवाळ्यात पाणी थोडे, उन्हाळ्यात बर्फ वितळून ते वाढणार, आणि पावसाळा लागला की त्याला उधाण येणार. अशा सगळ्या गोष्टी मांडून पुलफर्ड यांनी अजमास केला की १८९४ च्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाणी बांधावरून वाहणार नाही. म्हणजे हाताशी सुमारे अकरा महिने होते.

या अकरा महिन्यांचा उपयोग कसा झाला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बांध कृत्रिम रीतीने फोडण्याचा किंवा त्यातून वाट काढण्याचा नाद सोडून देण्यात आला. एवढ्या राशीपुढे त्या काळच्या सुरुंगांचा पाड लागला नसता. पाणी जाणार ते जाणारच, हे गृहीत धरून माणसे आणि मालमत्ता त्याच्या वाटेतून दूर करावयाची, असे ठरले. सरोवराच्या काठी लेफ्टनंट क्रुकशँक या तरुण अभियंत्याला पातळीवर नजर ठेवण्यासाठी बसविण्यात आले. गोहन्यापासून थेट हरिद्वारपर्यंत, सुमारे दीडशे मैलांच्या दुर्गम दरीतून, केवळ या एका कामासाठी तारायंत्राची ओळ टाकण्यात आली. काठाकाठाने, पूर जेथवर चढेल असे वाटत होते त्याच्या वर, दगडी खांब उभारून सुरक्षित उंचीची मर्यादा दाखविण्यात आली. अक्षर न येणाऱ्या गुराख्यालाही त्या खांबांचा अर्थ समजत होता: याच्या खाली थांबू नये. नदीवरचे झुलते पूल वेळ येण्यापूर्वीच सोडवून काढून ठेवण्यात आले. यात्रेकरूंची वाट दुसरीकडून वळविण्यात आली. श्रीनगर हे गढवालच्या राजांचे जुने नगर अगदी नदीकाठी वसलेले होते. तेथील लोकांना सामानसुमानासह उंच जागी जाण्याची तयारी ठेवावी लागली. खाली हरिद्वारला गंगेचा कालवा सुरू होतो. १८५४ साली सुरू झालेल्या त्या कालव्यावर दुआबातील शेती अवलंबून होती, म्हणून त्याच्या मुखाशीही बंदोबस्त करण्यात आला.

१८९४ चा पावसाळा आला. सरोवर भरत चालले. २५ ऑगस्टच्या सकाळी पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागले. पुलफर्ड यांच्या हिशेबात सुमारे दहा दिवसांची चूक निघाली. अकरा महिने आधी केलेल्या भाकिताला ती क्षम्यच म्हटली पाहिजे. दिवसभर प्रवाह बांधाची माती कुरतडीत राहिला आणि मध्यरात्रीच्या सुमारास मोठा आवाज होऊन बांधाचा वरचा भाग कोसळला. पुढल्या साडेचार तासांत सुमारे १० अब्ज घनफूट पाणी दरीतून खाली गेले. त्या पाण्याच्या पुढे तारेचा संदेश धावत होता.

श्रीनगर नगर उद्ध्वस्त झाले. बाजार गेला, राजवाड्याचे उरलेसुरले अवशेष गेले, पिढ्यांची घरे गेली. पुढे नव्या आणि उंच जागी आखीव रस्त्यांचे नवे श्रीनगर वसविण्यात आले; आज प्रवासी पाहतात ते हेच. दरीतील पूल, शेते, चट्ट्या नाहीशा झाल्या. आणि माणसे? पाच गेली. एक फकीर आणि त्याचे कुटुंब बांधाच्या खाली राहत होते. त्यांना तेथून हलविण्यात आले होते, परंतु ते परत आले. या पाचांखेरीज इतक्या भयंकर पुरात कोणी मेल्याची नोंद नाही.

पूर आणि वणवे यांच्या बाबतीत सरकारी यंत्रणांना निर्णय घेण्यास साहाय्य करणारी नवी साधने आज इंटरनेटवर उपलब्ध आहेत. नकाशा पडद्यावर उमटतो, नद्यांची पातळी रंगांनी दिसते, जळत्या जंगलावर लाल ठिपका पडतो. या साधनांना ‘निर्णयसाहाय्य प्रणाली’ असे जडसे नाव मिळालेले आहे. गोहन्याची तार हे त्यांचेच एक पूर्वरूप होय. तिची थोरवी वेगात होती असे सहज म्हटले जाते, पण ते पुरते खरे नाही. तारेने त्या रात्री जे कळविले त्याचा अर्थ लावण्याचे काम खाली कोणावरही पडले नाही, कारण अर्थ आधीच लावून ठेवलेला होता. कोणी कोठे जावयाचे, कोणते पूल काढावयाचे, कोणती वाट बंद करावयाची, हे सर्व निर्णय कोरड्या ऋतूत, शांत डोक्याने घेऊन झालेले होते. उरला होता तो फक्त क्षण कळविण्याचा. तार आली तेव्हा कोणालाही वरिष्ठांची परवानगी मागावी लागली नाही.

अर्थात गोहन्याची स्तुती करताना हात थोडा आखडता घेणे बरे. संकट एक होते, त्याची जागा ठाऊक होती आणि ते जवळजवळ वर्षभर आधी सांगून आले होते. अशी सवलत निसर्ग वारंवार देत नाही. शिवाय दरी तेव्हा विरळ वस्तीची होती. धरणे नव्हती, नदीच्या पात्राला टेकून उभी राहिलेली निवासगृहे नव्हती, की लाखोंनी मोटारी चढत नव्हत्या.

आणि खुद्द त्या सरोवराची कथाही १८९४ मध्ये संपली नाही. बांधाचा वरचा भाग गेला, खालचा राहिला आणि त्याच्या मागे लहानसे सरोवर पाऊणशे वर्षे शिल्लक राहिले. २० जुलै १९७० रोजी अलकनंदेच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, डोंगर ढासळले आणि ते उरलेले सरोवर गाळाने भरून नाहीसे झाले. त्या पुरात बेलाकुची हे बदरीनाथच्या वाटेवरचे गाव वाहून गेले. रस्त्यावर थांबलेल्या बसगाड्याही गेल्या. खाली हरिद्वारला गंगेच्या कालव्यात मैलोगणती गाळ बसला. या वेळी तारेजवळ कोणी बसलेले नव्हते. पाऊणशे वर्षांत त्या सरोवराचे भय लोकांच्या आणि कचेऱ्यांच्या स्मरणातून गेले होते.

स्वतंत्र भारताने पुराच्या भाकिताचे काम पद्धतशीर हाती घेतले ते १९५८ साली. दिल्लीला यमुनेच्या जुन्या रेल्वेपुलाजवळची पातळी आधी सांगण्यापासून त्याचा आरंभ झाला, आणि पुढे ते काम देशातील मोठ्या नद्यांवर पसरत गेले. या कामाचे मूळ तत्त्व शेतकऱ्यालाही समजेल असे आहे. वरच्या ठाण्याशी नदी इतकी चढली की खालच्या ठाण्याशी ती इतक्या तासांनी इतकी चढते. अनेक वर्षांच्या नोंदी ठेवून हा संबंध बसवावयाचा आणि वरचे माप आले की खालचे भाकीत करावयाचे. प्रारंभी ही मापे ठाण्यावरचा माणूस पट्टीवर पाहून बिनतारी संदेशाने कळवीत असे. पुढे स्वयंचलित मापके आली, उपग्रहामार्फत आकडे येऊ लागले, आणि पावसाचे भाकीत संगणकाच्या गणितात घालून कित्येक दिवस पुढचा अंदाज देता येऊ लागला. आज केंद्रीय जल आयोगाची तीनशेहून अधिक भाकीतठाणी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये आयोगाने ‘फ्लडवॉच इंडिया’ नावाचे मोबाइलवरचे साधन सुरू केले; त्यामुळे जिल्हाधिकाऱ्याला दिसते तेच नदीकाठच्या माणसालाही पाहता येते. १८९४ च्या क्रुकशँकला ही गोष्ट जादूसारखी वाटली असती.

पण ज्या पुलापाशी हे काम सुरू झाले त्याच पुलापाशी १३ जुलै २०२३ रोजी यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली. १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक तिने मागे टाकला. हरियाणातील हथनीकुंडहून सुटलेले पाणी दिल्लीला पोचण्यास दीड ते तीन दिवस लागतात. ते येत असल्याचे राजधानीला ठाऊक होते. तरीही रस्ते बुडाले, पाणी शुद्ध करणारी केंद्रे बंद पडली आणि हजारो लोकांना ऐन वेळी हलवावे लागले. आयटीओजवळच्या बंधाऱ्याचे काही दरवाजे गाळाने अडकून बसले होते, ते उघडेनात. नकाशावरचा रंग अचूक होता. दरवाजा मात्र कोणत्या खात्याने आणि कोणत्या महिन्यात हलवून पाहावयाचा, हा त्याच्याही आधीचा प्रश्न होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात आलेले पाणी ज्यांनी पाहिले त्यांना एका तासाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. दिल्लीला तर दिवस मिळाले होते.

पाण्याकडून विस्तवाकडे वळले तरी गढवाल-कुमाऊँचे डोंगर सोडण्याचे कारण नाही. चीडाच्या जंगलांनी हे डोंगर भरलेले आहेत. चीडाच्या सुया, ज्यांना तिकडे पिरूळ म्हणतात, वसंतात गळून जमिनीवर जाड थर धरतात. त्याखाली गवत उगवत नाही, आणि त्यावरून चालताना गुरांचे पाय घसरतात. म्हणून नवे गवत यावे यासाठी पिरूळ जाळण्याची रीत तेथे फार जुनी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज सरकारने कुमाऊँच्या जंगलांचा मोठा भाग राखीव केला, जाळण्यास मनाई केली, गुरे चारण्यावर आणि लाकूड तोडण्यावर बंधने घातली. आणि वर वणवा लागला की विझविण्यास धावण्याचे कर्तव्य गावकऱ्यांवर लादले. ज्या जंगलावरचा आपला हक्क गेला ते विझविण्यास कोण मनापासून धावेल? १९२१ च्या मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या जत्रेत लोकांनी वेठबिगारीच्या वह्या सरयूत बुडविल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँचे राखीव डोंगर शेकडो ठिकाणी पेटले. त्यांतील पुष्कळ आगी हेतुपुरस्सर लावलेल्या होत्या. वनखात्याजवळ पहारेकरी होते, जाळरेषा होत्या, नकाशे होते. गोहन्याला इतकी दूरदृष्टी दाखविणाऱ्या त्याच राजवटीला येथे मात्र हे कळले नव्हते की वणव्याची पहिली बातमी आणि पहिला हात, दोन्ही गावातून येतात. सरकारने चौकशी समिती नेमली, राखीव केलेल्या जंगलांचा बराचसा भाग मोकळा केला, आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम केले. उत्तराखंडात आज अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. हा सगळा इतिहास वणव्याच्या कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. वणव्याचा अर्थ लावणाऱ्याला मात्र तो ठाऊक असावा.

उपग्रहांनी या क्षेत्रात फार मोठे काम केले आहे, हे निःसंशय. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था डेहराडूनला १९८१ साली स्थापन झाली. २००४ पासून ती अमेरिकेच्या उपग्रहांवरील ‘मोडिस’ या उपकरणाच्या साह्याने देशातील वणव्यांच्या जागा राज्यांच्या वनखात्यांना कळवू लागली. हे उपकरण जमिनीवरून निघणारी उष्णता मोजते आणि आजूबाजूच्या मानाने एखादा चौरस फार तप्त दिसला की तेथे आग आहे असे धरते. मोडिसचा चौरस एका किलोमीटरचा. त्यामुळे एका ठिपक्यात अख्खा डोंगर मावे. पुढे ‘व्हिअर्स’ नावाचे अधिक बारीक नजरेचे उपकरण आले, ज्याचा चौरस ३७५ मीटरचा आहे. बीट म्हणजे वनरक्षकाची हद्द. या हद्दींचे नकाशे संगणकात भरल्यामुळे इशारा आता थेट त्या त्या रक्षकाच्या मोबाइलवर जातो. जंगल किती कोरडे झाले आहे हे पाहून आगाऊ इशारेही दिले जातात. जानेवारी २०१९ पासून मोठ्या वणव्यांवर ते विझेपर्यंत लक्ष ठेवण्याची निराळी योजनाही चालू झाली.

या साधनाच्या मर्यादाही मोकळेपणाने सांगण्यासारख्या आहेत. हे उपग्रह ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि एका जागेवरून दिवसातून ठरावीक वेळाच जातात. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागलेली आग त्यांना दिसत नाही, आणि पाहिलेल्या आगीची बातमी उतरण्यास वेळ लागतो. ढगाखालचे दिसत नाही. शेतात जाळलेला कडबा आणि जंगलातला वणवा यांतील फरक उष्णतेवरून सहजी कळत नाही. शेवटी ठिपका पाहून कोणीतरी पायवाट चढून गेले पाहिजे. २०२४ च्या उन्हाळ्यात कुमाऊँचे जंगल पेटले. एप्रिलच्या अखेरीस नैनितालजवळ वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांनी तलावाचे पाणी उचलून ओतले. ते चित्र देशभर पाहिले गेले. १३ जून रोजी अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझविण्यास गेलेले चार वनकर्मचारी होरपळून मेले. त्या उन्हाळ्यात ठिपक्यांची उणीव नव्हती. डोंगर चढणाऱ्या माणसाच्या हाती मात्र पुष्कळदा हिरव्या फांद्यांची झोडणी एवढेच साधन असते.

इशारा देणारे आणि निर्णय घेणारे यांच्यातील नात्याविषयी येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. यात्रा बंद करणारा अधिकारी हा पुष्कळांच्या रोजगारावर पाणी सोडीत असतो. पाऊस पडला नाही तर खेचरवाले, भोजनालयवाले, यात्रेकरू, सगळे त्याच्या नावाने बोटे मोडतात, आणि पुढल्या खेपेस त्याचा हात कचरतो. २०१३ च्या जून महिन्यात हवामान खात्याने उत्तराखंडात अतिवृष्टी होणार असल्याचे भाकीत आधी दिले होते. चारधामची यात्रा भरात होती. ती थांबविण्याचा निर्णय त्या भाकितातून निघाला नाही. १६ आणि १७ जूनला मंदाकिनीला महापूर आला, केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर फुटले आणि एकंदर पाच हजारांहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही होते. १८९४ साली याच डोंगरांत पूर येण्याआधी यात्रेकरूंची वाट वळविण्यात आली होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. किती पावसाचे भाकीत आले म्हणजे वाट बंद होईल, हे तेव्हा कोणी आधी ठरवून ठेवलेले नव्हते. भाकितात ‘अतिवृष्टी’ हा शब्द होता. तो दरवर्षी कित्येकदा येतो.

अलकनंदेच्या त्याच खोऱ्यात, गोहन्यापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, ऋषिगंगेच्या काठी रेणी नावाचे गाव आहे. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावातील स्त्रियांनी झाडांना कवटाळून ठेकेदाराची माणसे परत पाठविली ते हेच गाव. १९७० च्या पुराने या खोऱ्यातील लोकांना जंगल आणि पूर यांचा संबंध शिकविला होता, आणि चंडीप्रसाद भट्ट व त्यांचे सहकारी तो गावोगाव समजावून सांगत होते. चिपको आंदोलनाच्या मागे तो पूर उभा आहे.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी दहा वाजून गेल्यावर रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ खाली कोसळले. घर्षणाने बर्फ वितळून चिखलाचा आणि दगडांचा लोट ऋषिगंगेतून सुटला. रेणीजवळचा लहान जलविद्युत प्रकल्प नाहीसा झाला. पुढे धौलीगंगेवर तपोवनला ५२० मेगावॉटच्या प्रकल्पाचे काम चालू होते. बोगद्यात माणसे होती. हे सगळे अर्ध्या तासाच्या आत घडले. मृत आणि बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली. पाऊस नव्हता, पुराचा ऋतू नव्हता. पुराच्या नकाशावर त्या दिवशी कोणताही रंग असण्याचे कारण नव्हते.

नंतर शास्त्रज्ञांनी त्या भागातील भूकंपमापकांच्या नोंदी काढून पाहिल्या. कडा कोसळल्याचा धक्का आणि लोट दरीतून घरंगळत गेल्याची थरथर, दोन्ही त्यांत उमटली होती. भूकंप मोजण्यासाठी ठेवलेली ती यंत्रे पुराची बातमी सांगत होती. ती त्या क्षणी वाचावी अशी योजना कोठेच नव्हती. वाचली गेली असती तर तपोवनला काही मिनिटे मिळाली असती. पुढे रेणीच्या परिसरात नदीची पातळी चढताच भोंगा वाजविणारी यंत्रे बसविण्यात आली.

त्या दिवशी जो इशारा प्रत्यक्षात पोचला तो वेगळ्याच मार्गाने. वृत्तपत्रांतून आलेली हकीकत अशी आहे, की वरच्या गावातल्या एका स्त्रीने घराजवळून दरीत येणारा लोट पाहिला. तिचा मुलगा खाली तपोवनच्या धरणावर कामाला होता. तिने त्याला मोबाइलवर हाक मारून पळ म्हणून सांगितले. त्याला ते पहिल्याने खरे वाटले नाही. फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात पूर कोठला? तिने पुन्हा फोन केला. तेव्हा तो आणि त्याच्याबरोबरचे सुमारे दोन डझन कामगार जिन्याकडे धावले आणि पाणी येण्यापूर्वी वर चढून गेले.